पाच मित्र, बारा रात्री, माणशी दोन लाख: युरोपचं गणित कसं बसवायचं

धुळ्याच्या एका भाऊने विचारलंय: ताई, आम्ही पाच मित्र, मे महिन्यात १२ रात्रींची सुट्टी काढतोय, माणशी दोन लाखाच्या वर जायचं नाही, आणि बघायचंय पॅरिस, अ‍ॅमस्टरडॅम, स्वित्झर्लंड, रोम, प्राग, व्हिएन्ना, बुडापेस्ट. बसेल का? पाचात एक झेडपीच्या शाळेत शिक्षक, एक बँकेत, एकाचं मोबाईलचं दुकान आणि दोघं शेती करतात, केळी आणि कापूस. मी जळगावात बारा वर्षं तिकीट आणि व्हिसाचंच काम करते आणि स्वतः चार वेळा असे मित्रमैत्रिणींचे ग्रुप घेऊन जाऊन आलेय, म्हणून जरा सविस्तर लिहिते. पाचही जणांनी वाचा. एकाने वाचून बाकीच्यांना तोंडी सांगितलं की अर्धे घोळ तिथंच सुरू होतात.

सरळ उत्तर आधी देते. दोन लाखात बसतं, पण सात देश बसत नाहीत. देश मोजणं सोडा आणि रात्री मोजा. तुमच्याकडे रात्री १२ आहेत, आणि प्रत्येक वेळी मुक्काम बदलला की सकाळी बॅगा भरा, दहा-अकराला रूम सोडा, दगडी फरसबंदीवरून चाकं खडखडत स्टेशन गाठा, पुढच्या गावी पोचलं तर रूम तीनशिवाय मिळत नाही. म्हणजे एका बदलात अर्धा दिवस गेलाच, वरून गाडीभाडं. सात शहरं म्हणजे सहा बदल, म्हणजे तीन दिवस नुसते बॅगांच्या मागे, आणि त्यात रोम-अ‍ॅमस्टरडॅमसारखी अंतरं विमानाशिवाय जमत नाहीत. स्वस्त विमानाच्या तिकिटावर जाऊ नका, त्यात बॅग साधारण ४० x ३० x २० सेंटीमीटरची, शाळेच्या दप्तराएवढी, त्याच्या वर गेलं की वेगळे पैसे, आणि पॅरिस म्हणून जिथं उतरवतात ते बोव्हे पॅरिसपासून ८० किलोमीटरच्या वर आहे. तिकीट ३० युरोचं आणि बसभाडं, बॅग धरून ते ८० ला जातं.

तुमच्या यादीत एकमेकाला चिकटून असलेली तीनच नावं आहेत, प्राग, व्हिएन्ना, बुडापेस्ट. तीच धरा. प्राग ते व्हिएन्ना गाडीने साधारण चार तास, आपल्याकडून मुंबई गाठायला लागतात त्याहून कमीच. व्हिएन्ना ते बुडापेस्ट अडीच-पावणेतीन तास, म्हणजे जळगाव-नाशिक समजा. आणि व्हिएन्नाहून स्लोव्हाकियाची राजधानी ब्रातिस्लाव्हा फक्त ६० किलोमीटर, जळगाव-अमळनेर एवढंच, सकाळी जाऊन संध्याकाळी परत, रात्र न घालवता एक देश वाढला. स्वित्झर्लंड हवं ते डोंगरासाठीच ना, मग ऑस्ट्रियातल्या साल्झबर्गला दोन रात्री टाका, आल्प्सच्या पायथ्याचं गाव आहे, सिटी बसने उंटर्सबर्गच्या रोपवेपर्यंत जाता येतं आणि रोपवे वर १७७६ मीटरवर सोडतो, फक्त वसंतात काही दिवस तो दुरुस्तीसाठी बंद असतो तेवढी तारीख बघून घ्या. तर माझा हिशोब असा: प्राग ३ रात्री, साल्झबर्ग २, व्हिएन्ना ३, बुडापेस्ट ४. बारा झाल्या. देश चार आणि मुक्कामाचे बदल तीनच. पॅरिस-स्वित्झर्लंड पुढच्या वेळी, त्याला दोन लाखात हात घालू नका, तिथं गेलात तर जेवणासाठी रोज भांडाल.

विमानाचं तिकीट काढताना मुंबई-प्राग जाणं आणि बुडापेस्ट-मुंबई येणं असं मल्टी-सिटी काढा. बरेच लोक प्राग-प्राग रिटर्न काढतात आणि शेवटी बुडापेस्टहून मागे प्रागला यायला सात तास आणि एक रात्र घालवतात. आणि लंडनमार्गे तिकीट स्वस्त दिसलं तर थांबा, यूके शेंगेनमध्ये, म्हणजे युरोपातल्या एकाच व्हिसावर चालणाऱ्या देशांत नाही, तिथं नुसतं विमान बदलायचं असलं तरी आपल्या पासपोर्टला ट्रान्झिट व्हिसाचा प्रश्न येतो.

आता पैशाचं. युरो शंभरच्या वर धरूनच चाला, मी १०५ ने मांडते. राहणं माणशी ३० युरो रात्रीला धरलं, पाच जणांत अपार्टमेंट घेतलं तर या चारही गावांत जमतं, ते ३६० झाले. खाणं रोजचं २२ युरो, एक वेळ घरी शिजवून, ते २९०. शहराशहरामधल्या गाड्या १२०, गावातली ट्राम-मेट्रो ६०, तिकीट काढून बघायच्या जागा १००. बेरीज ९३०, म्हणजे साधारण ९८ हजार रुपये. विमान ६५ हजार धरा, मेमध्ये आपल्याकडे शाळांना सुट्टी असते म्हणून भाव चढलेले असतात, उशीर केला तर या आकड्यात बसणार नाही. व्हिसा, विमा, अर्ज घेणाऱ्या सेंटरची फी मिळून १३ हजार, मुंबईच्या दोन चकरांचे ५ हजार. एकूण एक लाख ८१ हजार. वरचे १९ हजार हात न लावता ठेवायचे, कोणाचा दात दुखला, कोणाची गाडी चुकली, तर ते तिथं कामाला येतात. शॉपिंग यात धरलेली नाही हे घरी आधीच सांगून ठेवा.

गाड्यांची तिकिटं लवकर काढली की निम्म्याहून स्वस्त पडतात, ऑस्ट्रियाच्या रेल्वेचं स्पारशिने नावाचं तिकीट असतं, चेक रेल्वेचं पण तसंच आहे, पण ते परत होत नाही, म्हणून व्हिसा हातात आल्यावरच काढा. युरेल पास म्हणजे अनेक देशांत चालणारा रेल्वेचा पास, त्याच्या मागे लागू नका, तीन-चार प्रवासांसाठी तो महाग पडतो.

व्हिसावर जरा थांबते, कारण आपल्या भागातले अर्ज अडकतात ते इथंच. शेंगेनमध्ये आता २९ देश आहेत आणि एकाच व्हिसावर सगळीकडे फिरता येतं, पण अर्ज कुठं करायचा ते तुमच्या मर्जीवर नाही. जिथं जास्त दिवस तिथला. वरच्या हिशोबात साल्झबर्ग आणि व्हिएन्ना मिळून ऑस्ट्रियाच्या ५ रात्री होतात, म्हणून ऑस्ट्रिया. कोणी सांगेल की अमक्या देशाची अपॉइंटमेंट लवकर मिळते, तिथं टाका, नंतर प्लॅन बदला. असं करू नका, विमानतळावर बुकिंग दाखवा म्हटलं की उत्तर देता येत नाही. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि निदान १५ दिवस आधी तरी झाला पाहिजे, निर्णयाला साधारण १५ दिवस, कधी ४५ पण लागतात. मेमध्ये जायचं तर जानेवारीतच अपॉइंटमेंट बघायला बसा. फी ९० युरो, नाकारला तरी परत मिळत नाही. विमा निदान ३० हजार युरोचा. पासपोर्ट परत यायच्या तारखेनंतर तीन महिने चालू पाहिजे, दहा वर्षांच्या आत काढलेला पाहिजे आणि दोन पानं कोरी.

शेती करणाऱ्या दोघांसाठी वेगळं सांगते. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे चोपड्याकडचा एक मुलगा आला होता, ग्रुप सहा जणांचा, बाकी पाच नोकरीवाले. याची बारा एकर बागायती, पैशाला कमी नाही, पण कापसाचे पैसे रोखीत आलेले, घरातच पडून, आणि कोणीतरी सांगितलं की खात्यात बॅलन्स दिसला पाहिजे म्हणून अर्जाच्या आधी बारा दिवस एकदम साडेतीन लाख भरले. स्टेटमेंटमध्ये सहा महिने चार-पाच हजार शिल्लक, आणि मग एकदम ती एक ओळ. पाच जणांचे व्हिसा आले, याचा नाकारला, कारणाच्या चौकटीवर खूण होती, पुरेशा पैशाचा पुरावा दिलेला नाही अशी. मी ती चौकट त्याच्यासमोर वाचली तेव्हा तो फक्त एवढंच म्हणाला की ताई, माझ्या घामाचे पैसे आहेत ते. खरंच होते. पण कागदावर ते कुठंच दिसत नव्हते, आणि समोर बसलेल्या माणसाने ना चोपडा पाहिलंय ना कापूस.

म्हणून आत्तापासून काय करायचं, तर माल विकला की पैसे खात्यात घ्या, बाजार समितीची, व्यापाऱ्याची हिशोबपट्टी जपून ठेवा, केळीच्या पट्ट्या पण. अर्जाला सातबारा लावा, इंग्रजी भाषांतरासकट. इन्कम टॅक्स रिटर्न भरा, शेतीचं उत्पन्न करमुक्त असलं तरी रिटर्नमध्ये ते दाखवायची जागा असते, ५ हजाराच्या वर असेल तर आयटीआर-१ चालत नाही, दुसरा फॉर्म लागतो, सीएला सांगा. आणि एक साधं पत्र स्वतःच लिहा, माझी एवढी जमीन, अमुक पीक, अमुक महिन्यात पैसे येतात आणि जूनमध्ये पेरणी आहे म्हणून मी मेअखेर परत येणारच. हे शेवटचं वाक्य फार महत्त्वाचं, त्यांना तुम्ही परत येता का एवढंच बघायचं असतं, आणि पेरणीच्या तोंडावर शेतकरी घरी परततो यासारखं खरं कारण दुसरं नाही.

मास्तरांनी शिक्षण विभागाकडून परदेशी जाण्याची परवानगी आधीच मागून ठेवावी, ती फाईल हलायला वेळ घेते. बँकेवाल्याने रजामंजुरीचं पत्र, दुकानवाल्याने शॉप अ‍ॅक्ट, जीएसटी, रिटर्न. पाचही अर्ज वेगवेगळे असतात, एकाच्या खात्यावर दुसरा जात नाही, पण कव्हरिंग लेटरमध्ये बाकी चौघांची नावं आणि तोच प्लॅन प्रत्येकाने लिहायचा, तारीख एका दिवसाने पण इकडेतिकडे नको. अपार्टमेंटच्या बुकिंगवर पाचही नावं घालून घ्या, ते नाव घालायचं राहिलं म्हणून दोन जणांना पुन्हा कागद द्यावे लागलेले मी पाहिलेत. खोटं तिकीट, खोटं हॉटेल बुकिंग विकणारे आहेत, त्यांच्या नादी लागू नका, फ्री कॅन्सलेशनचं खरं बुकिंग मिळत असताना खोट्याची गरजच काय.

पाच हा आकडा प्रवासाला अवघड आहे हे आधीच कळू द्या. साध्या टॅक्सीत चार बसतात, पाचव्यासाठी मोठी गाडी किंवा दुसरी टॅक्सी. रूम दोन-दोनच्या असतात, पाचवा कायम सोफ्यावर. म्हणून अपार्टमेंट बघताना बेड मोजा, पलंग किती आणि सोफा-कम-बेड किती हे फोटोत बघा, आणि सोफ्यावरची पाळी गावागणिक बदला. सहावा चांगला मित्र तयार असेल तर त्याला घ्या, खर्च पण उतरतो.

आता पैशाच्या भांडणाचं. एवढ्या वर्षांत व्हिसामुळे तुटलेले ग्रुप मी दोन-तीनच पाहिलेत, पैशामुळे तुटलेले बरेच. आमच्याच एका ग्रुपमध्ये एकाने निघायच्या आठ दिवस आधी नाही म्हटलं, घरची अडचण होती, कोणी त्याला काही बोललं नाही, पण अपार्टमेंटचे पैसे भरून झालेले आणि ते परत मिळणार नव्हते. त्याचा वाटा बाकीच्यांनी भरायचा की त्याने, हे कधी बोललंच नव्हतं. कोणी मागितले नाहीत, त्याने दिले नाहीत, आणि नंतर वर्षभर लग्नकार्यात भेटलो तरी नजरानजर टाळायचो. तेव्हापासून मी प्रत्येक ग्रुपला पहिल्या बैठकीत एक कागद लिहायला लावते. गळालेल्या माणसाने परत न मिळणाऱ्या बुकिंगमधला स्वतःचा वाटा भरायचा. एकाचा व्हिसा नाकारला तर बाकीचे जाणार की थांबणार, हे आधी ठरवायचं. राहणं, गाड्या, किराणा सामाईक. दारू, मटण, खरेदी, ज्याची त्याची. कोणी माळकरी असेल तर घरातल्या भांड्यांत काय शिजणार ते पण आजच बोला, बुडापेस्टच्या सुपरमार्केटमध्ये उभं राहून नको. प्रत्येकाने सुरुवातीला दोनशे युरो सामाईक पाकिटात टाकायचे आणि दोघांनी सांभाळायचं, एकाकडे पैसे आणि दुसऱ्याकडे हिशोब. मोबाईलवर खर्च वाटायचं अ‍ॅप चालतं, पण रोज रात्री झोपायच्या आधी पाच मिनिटं बसून भरायचं, तीन दिवसांनी कोणालाच काही आठवत नाही.

प्रागला कोरुना चालतो आणि बुडापेस्टला फोरिंट, युरो फक्त ऑस्ट्रिया आणि स्लोव्हाकियात. रोख थोडीच बदला, कार्ड जवळपास सगळीकडे चालतं. कार्ड लावलं की मशीन विचारतं रुपयात कापू की इथल्या चलनात, दरवेळी इथल्या चलनात म्हणायचं, रुपयात म्हटलं की भाव त्यांचा लागतो. चौकात हात धरून नोटा बदलून देतो म्हणणाऱ्याकडे बघू पण नका.

खाण्याचं म्हणाल तर आपल्या माणसाला चौथ्या दिवशी भाकरी आठवतेच. डाळ-तांदूळ, काळा मसाला, कळण्याचं पीठ, बिबडे, कुरडया, कोरडी चटणी, हे सगळं न्या. पण युरोपियन युनियनमध्ये बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत, म्हणजे तूप, पेढे, बर्फी घरीच. ताजी फळं-भाजी पण सर्टिफिकेटशिवाय चालत नाही, भरताची वांगी कोणी बॅगेत टाकू नका. त्या नियमातून पाच फळं सुटलेली आहेत, अननस, नारळ, ड्युरियन, खजूर आणि केळी. आपली केळी! मी दरवेळी विमानतळावर खायला एक फणी नेते आणि दरवेळी मला त्याचा आनंद होतो. कुकर नेणार असाल तर स्टीलचा न्या, तिथं बऱ्याच घरी इंडक्शन असतं आणि त्यावर अ‍ॅल्युमिनियम तापतच नाही. आम्ही साल्झबर्गला रात्री साडेनऊला अ‍ॅल्युमिनियमचं पातेलं ठेवून वाट बघत बसलो होतो, शेवटी घरातल्या कढईत खिचडी केली, आणि मिरचीची फोडणी द्यायच्या आधी खिडकी उघडली, कारण छतावर धुराचा अलार्म असतो आणि आपल्या फोडणीला तो लगेच वाजतो. ऑस्ट्रियात रविवारी आणि १ मेला दुकानं बंद, म्हणून शनिवारीच किराणा भरायचा, अडलंच तर मोठ्या स्टेशनातलं दुकान उघडं असतं. पाणी विकत घेऊ नका, व्हिएन्नाच्या नळाला १८७३ पासून डोंगरातल्या झऱ्यांचं पाणी येतंय, बाटली भरा आणि प्या. कधी घेतलीच बाटली तर टाकू नका, ऑस्ट्रियात २५ सेंट आणि हंगेरीत ५० फोरिंट परत मिळतात, दुकानातल्या मशीनमध्ये घालायची.

बघण्याचं मी कमी सांगते, ते तुम्ही काढालच. प्रागच्या चार्ल्स ब्रिजवर पहाटे सहाला जा, दहाला पाय ठेवायला जागा नसते. व्हिएन्नाच्या शोनब्रुन महालाची बाग फुकट आहे, आत नाही गेलात तरी अर्धा दिवस जातो. बुडापेस्टला २ नंबरची ट्राम डॅन्यूबच्या काठाने जाते, दिवे लागल्यावर बसा, बोटीचे पैसे वाचतात. सेचेनीच्या गरम पाण्याच्या हौदांसाठी मात्र पैसे खर्च करा. आणि प्राग-बुडापेस्टमध्ये कागदी तिकीट घेतलं की ते यंत्रात पंच करायचं, खिशात तिकीट असून पंच नसेल तरी दंड होतो, चेकर साध्या कपड्यात असतात.

व्हिसा आला की पासपोर्ट हातात घेऊन तिथंच स्टिकर वाचा. नाव, पासपोर्ट नंबर, आणि ड्युरेशन ऑफ स्टे समोरचा आकडा. वरच्या दोन तारखांमधलं अंतर मोठं दिसतं पण तेवढे दिवस राहायची परवानगी नसते, राहायचे दिवस त्या आकड्याएवढेच, उतरलेला आणि निघालेला दिवस धरून. तुमच्या १२ रात्री म्हणजे १३ दिवस, रात्रभराचं विमान असेल तर नीट मोजा. प्रागला उतरल्यावर आता पासपोर्टवर शिक्का मारण्याऐवजी फोटो घेऊन संगणकात नोंद करतात, ऑक्टोबर २०२५ पासून सुरू झालंय, रांग लांब असू शकते, त्यामुळे पहिल्या दिवशी कुठल्याही गाडीचं किंवा किल्ल्याचं वेळेचं तिकीट काढू नका. सामान टाका, ट्राम पकडा, नदीवर जा आणि लवकर झोपा.